लहान लेकरू गेल्यावर त्याची आठवण घरात कशी जपायची : सांगली-मिरजेकडच्या कॅथलिक घरांसाठी

आमच्या सांगली-मिरज पट्ट्यात कॅथलिक घरं मोजकीच, त्यातली बरीचशी नोकरीनिमित्त आलेली, कुणी वसईचं, कुणी नगरकडचं, कुणी गोव्याचं. त्यामुळे मोठं माणूस गेलं तरी काय काय करायचं ते एखाद्या म्हाताऱ्या आजीला विचारावं लागतं, आणि चार-पाच वर्षांचं पोर गेलं तर ती आजीसुद्धा गप्प होते. माझ्या दादाची मुलगी बालवाडीच्या वयात गेली. मी तिची आत्या. आईबापाला त्या दिवसांत काही सुचत नाही म्हणून फादरांशी बोलणं, कबरीचं बघणं, दाखले आणणं हे सगळं माझ्याकडे आलं, आणि मग ओळखीपाळखीत कुठं असं झालं की लोक मलाच फोन करायला लागले. दर वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवते. हे आईबापासाठी कमी आणि आजूबाजूच्यांसाठी जास्त आहे, म्हणजे आत्या, मावशी, काका, आजी, गॉडमदर, शेजारी.

सगळ्यात आधी आकार ठरवा. पहिल्या वर्षी प्रत्येकाला खूप काहीतरी करावंसं वाटतं, चौकात फोटोचा फ्लेक्स, चर्चला नावाचा बाक, शाळेत दरवर्षी बक्षीस, दोनशे माणसांचं जेवण. दुसऱ्या वर्षी निम्मे लोक येतात, तिसऱ्या वर्षी बक्षिसाचे पैसे कोण देणार यावर भावाभावांत कुरबुर, आणि शेवटी आईच्या मनात काय राहतं तर सगळे विसरले. म्हणून असंच ठरवा जे एकटी आई पण करू शकेल, आजारी असताना पण, हातात पैसे नसताना पण. एक मिस्सा, म्हणजे चर्चमधली फादरांनी करायची मुख्य उपासना, एक मेणबत्ती, एक पिशवी भडंग. एवढं वीस वर्षं चालतं. ज्यांना मोठं करायचंय त्यांनी खुशाल करावं, पण ते एकदाच असणार असं पहिल्यापासून बोलून टाकावं.

पहिले काही दिवस

शेजारणी भाकरी-पिठलं घेऊन येतात, आणू द्या, नको म्हणू नका. त्यातलीच कुणीतरी हळूच विचारते, दहावा कधी, तुमच्यात तेरावा असतो का. चांगल्या मनानं विचारलेलं असतं. आपल्यात कावळ्याला घास ठेवणं नाही, सुतक नाही, पण महिन्याची मिस्सा असते आणि तिला सगळ्यांनी यायला हरकत नाही, एवढं सांगितलं की त्यांनाही कळतं कधी यायचं ते. येणाऱ्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा, कम्युनियनच्या वेळी, म्हणजे फादर पवित्र भाकर देतात तेव्हा, जागेवर बसून राहायचं, ते कॅथलिक लोकांसाठीच असतं. नाहीतर बिचारे प्रसाद समजून रांगेत उभे राहतात आणि ऐनवेळी दोघांचीही पंचाईत. पुरण्याबद्दल आमच्या भागात फार कुणाला नवल वाटत नाही कारण लिंगायत लोकांत दफनच असतं आणि इतर हिंदू घरांतही अगदी तान्ह्या बाळाला बहुतेक पुरतातच. कुणी अग्नी द्यायचं ठरवलं तर चर्चची त्याला १९६३ पासून परवानगी आहे, फक्त अस्थींचं नीट समजून घ्या. एखादे काका म्हणतात हरिपूरला संगमावर नेऊन सोडू. तसं करायचं नसतं, २०१६ साली रोमहून स्पष्ट सूचना आली, अस्थी नदीत सोडायच्या नाहीत, वाटून घ्यायच्या नाहीत, लॉकेटात घालायच्या नाहीत, कबरस्तानात किंवा तशा पवित्र जागी ठेवायच्या. २०२३ ला अगदी थोडा अंश एखाद्या खास जागी ठेवण्याबद्दल जरा सवलत मिळालीय, पण ते फादरांशी बोलूनच.

घर आवरायला आलेल्या बायकांना कपाटापासून लांब ठेवा. हे मी अगदी कडक सांगते. आईचं दुःख कमी व्हावं म्हणून मायेनंच कपडे, चपला, दप्तर एका पोत्यात भरून अनाथाश्रमात पाठवून देतात आणि मग चार महिन्यांनी आईला एक मोजा सापडतो आणि ती त्याची जोडी शोधत बसते. वर्षभर काही हलवायचं नाही. आई स्वतः म्हणेल तेव्हा, तेही तिच्याच हातानं. न धुतलेला एखादा फ्रॉक किंवा टॉवेल असेल तर तो तसाच झिपवाल्या पिशवीत बंद करून ठेवा, त्यात अंगाचा वास राहतो आणि आयांना त्याचं फार असतं. धुतलेले कपडे ठेवायचे तर सुती पंच्यात गुंडाळून, पावसाळा संपला की एकदा ऊन दाखवायचं, डांबरगोळ्या कपड्याला थेट लागू द्यायच्या नाहीत.

कागदपत्रांचं काम आईबापाला करू देऊ नका. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते, महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत, दाखल्याच्या तीन-चार प्रती एकदमच घ्या. रेशनकार्डवरचं नाव कमी करायच्या आधी जुन्या कार्डाची झेरॉक्स काढून ठेवा, कागद फालतू वाटतो पण घराच्या यादीत तिचं नाव असलेला तो एक कागद असतो. आणि जिथं बाप्तिस्मा झाला त्या चर्चमधून बाप्तिस्म्याचा नवा दाखला मागवा. प्रत्येक पॅरिशला, म्हणजे त्या भागाच्या चर्चला, बाप्तिस्म्याची वही जपावीच लागते त्यामुळे तो कधीही मिळतो. आमच्याकडे तो दाखला फ्रेम करून लावलाय, त्यावर गॉडमदरचं नाव आहे, तारीख आहे, फादरांची सही आहे, बघून बरं वाटतं.

फोटो, आवाज आणि पूर

सांगलीत राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको पण तरी सांगते. २००५, २०१९, २०२१. २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा कित्येक घरांतले अल्बम चिखलात गेले, आणि बाकी सामान परत घेता येतं, गेलेल्या पोराचा फोटो कुठून आणणार. कागदी फोटो स्कॅन करून घ्या, निदान मोबाईलनं दिवसाउजेडी नीट काढा. मूळ फोटो वरच्या मजल्यावर ठेवा किंवा विश्रामबागकडच्या, नाहीतर पूर चढत नाही अशा भागातल्या नातेवाइकाकडे द्या. एक प्रत पेन ड्राइव्हवर, एक गुगल ड्राइव्हवर, एक दुसऱ्या गावातल्या मावशीकडे.

फोटोपेक्षा आवाज लवकर हरवतो. कारण फोटो सगळे जपतात, आवाज असतो व्हॉट्सअपच्या व्हॉइस नोटमध्ये आणि फोन बदलला की गेला. म्हणून पहिल्या महिन्यातच सगळ्या नातेवाइकांना मेसेज टाका की तिचा आवाज असलेलं काहीही असेल, कुणाच्या लग्नाच्या व्हिडिओत मागं रडताना असेल तरी, पाठवा. बालवाडीच्या बाईंना विचारा, गॅदरिंगचे व्हिडिओ त्यांच्याकडे असतात. हे सगळं एका फोल्डरमध्ये टाकायचं आणि आईला सांगायचं की आहे, बघायची घाई नाही. वहिनीनं बरेच दिवस उघडलं नव्हतं, दादा मात्र रात्री कानाला हेडफोन लावून ऐकायचा, ज्याचं त्याचं.

उलट बाजूनं, मोबाईल स्वतःहून फोटो दाखवतो त्याचा बंदोबस्त करा. गुगल फोटोजमध्ये मेमरीजच्या सेटिंगमध्ये जाऊन एखाद्या माणसाचा चेहरा किंवा ठराविक तारखा लपवता येतात. फोटो डिलीट होत नाहीत, फक्त सकाळी बसमध्ये अचानक समोर येत नाहीत. आईबापाला विचारूनच करा, काहींना ते अचानक येणं हवं असतं.

भिंतीवरच्या फोटोला हार घालायचा का यावर आमच्या घरात चांगलाच वाद झाला. आजोबांना हवा होता, चंदनाचा. वहिनी म्हणाली हसतेय ती त्या फोटोत, हार घातला की ती एकदम गेलेल्या माणसांत जाऊन बसते. शेवटी हार नाही, घरातल्या अल्तारवर, म्हणजे प्रार्थनेच्या जागी, मारियेच्या मूर्तीशेजारी छोटी फ्रेम आणि तिथंच जपमाळ. चर्चचा हाराला विरोध वगैरे काही नाही, आईला काय सहन होतं तो प्रश्न आहे, आणि त्यात आईचा शब्द शेवटचा ठेवा. आजोबांनी मग हार कबरीला घातला, तोही प्रश्न सुटला.

कबर

घाईनं बांधू नका. आमच्याकडची काळी माती, उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसात फुगते, नवी कबर एक पावसाळा तरी खचत राहते. लगेच कडप्पा नाहीतर ग्रॅनाइट बसवला की वर्षभरात तिरका होतो नाहीतर तडकतो. तोवर लाकडी क्रॉस आणि भोवती विटांची कड पुरते. दिवाळीनंतर गवंडी लावा. त्याच्या आधी कबरस्तानचं कोण बघतं त्यांना स्पष्ट विचारा, ही जागा कायमची की काही वर्षांनी परत वापरणार, पक्कं बांधायला परवानगी लागते का, उंची किती चालते. जागा परत वापरणार असतील तर मोठा दगड नकोच, काढून दुसरीकडे नेता येईल अशी पाटी करा. पाटीवर नाव, दोन तारखा आणि जमलं तर बाप्तिस्म्याचं नाव, बस. लांबलचक कविता लिहून घेतात लोक, अक्षरं बारीक होतात आणि तीन-चार वर्षांत रंग उडून वाचताच येत नाहीत. पाटी कोरायला द्यायच्या आधी मजकूर कागदावर लिहून दोघांनी तपासा, ऱ्हस्व-दीर्घ दगडात चुकलं की चुकलं.

झाड लावायचं तर सदाफुली. गुलाब लावू नका, शेळ्या खातात. हार पण खातात शेळ्या, एक तारखेला घातलेला झेंडूचा हार दोन तारखेला नसतो आणि आपल्याला वाटतं कुणी चोरला. सदाफुली कडू असते म्हणून तोंड लावत नाहीत, पाण्याशिवायही जगते, बारा महिने फुलं. मेणबत्तीसाठी कंदिलाची काच किंवा पत्र्याचा आडोसा न्या, मोकळ्या जागेत वाऱ्यानं विझते आणि बापाला दहा वेळा काडी ओढायला लागते ते बघवत नाही.

मिस्सा कशी मागायची

इथं थोडं सविस्तर सांगते कारण इथंच लोकांना माहिती कमी असते. पॅरिश ऑफिसात जाऊन मिस्सा लिहून देताना तीन गोष्टी सांगा, नाव, वय, आणि बाप्तिस्मा झाला होता की नाही. नुसतं नाव दिलं तर फादर मोठ्या माणसासारखी मृतांची मिस्सा करतील. वयानं फरक पडतो. चर्चच्या कायद्यात सात वर्षं पूर्ण व्हायच्या आत मूल आपल्या करण्याला जबाबदार धरलं जात नाही. बाप्तिस्मा झालेलं लहान मूल गेलं तर ते देवाजवळ आहे ही चर्चची पक्की शिकवण, तिथं शुद्धिस्थान, म्हणजे स्वर्गाआधी पापांपासून शुद्ध होणं, वगैरे काही येत नाही. म्हणून लहान मुलाच्या अंत्यविधीच्या प्रार्थना वेगळ्याच आहेत, त्यात मुलासाठी पापक्षमा मागत नाहीत, मागतात ते मागं राहिलेल्यांसाठी बळ. पूर्वी लॅटिनच्या काळात तर अशा मुलासाठी मृतांची मिस्सा न करता देवदूतांची मिस्सा करायचे. फादर पांढरी वस्त्रं घालतात. आपल्याकडे पांढरं म्हणजे शोकाचं म्हणून ते कुणाच्या लक्षात येत नाही, पण चर्चमध्ये पांढरा रंग ईस्टरचा, आनंदाचा.

याचा घरातल्यांना फार आधार होतो, खासकरून आज्यांना, ज्यांच्या डोक्यात कुठंतरी असतं की लेकराला काही भोगावं तर लागत नसेल ना. त्यांना फादरांच्या तोंडून ऐकू द्या, आपण सांगून पटत नाही. आणि वर्षाच्या मिस्सेला विश्वासूंच्या प्रार्थना, म्हणजे मिस्सेत लोकांच्या वतीनं वाचतात त्या, कुणी लिहून आणल्या तर आधी वाचून घ्या, बहुतेक लोक मोठ्या माणसाच्या कागदावरून उतरवतात आणि त्यात तिच्या अपराधांची क्षमा कर असं येतं, चार वर्षांच्या पोरीचे कसले अपराध, वहिनी ते ऐकून उठून बाहेर गेली असती. त्याजागी साधं लिहा, प्रभू, तू हिला आमच्या घरात पाठवलंस म्हणून आम्ही तुझे आभार मानतो. हिच्या आईबाबांना रोजचा दिवस काढायला बळ दे. ज्यांची मुलं आजारी आहेत त्या घरांना सोबत दे. झालं.

तारखेचं आधी बघा. गुड फ्रायडेला मिस्साच नसते, पवित्र आठवड्यात तारीख आली तर मागं-पुढं घ्यावं लागतं, आणि रविवारी पॅरिशसाठीची एक मिस्सा ठरलेली असते म्हणून रविवार मिळेलच असं नाही. दोन-तीन महिने आधी वहीत लिहून टाका. मिस्सेची देणगी बिशपांनी ठरवलेली असते, ऑफिसात विचारायला लाजू नका, आणि नसतील पैसे तर तसं सांगा, गरिबांसाठी देणगीशिवायही मिस्सा करावी असं चर्चचा कायदाच सांगतो.

वाचनं फादर देतीलच, पण निवडायला मिळालं तर मार्कच्या १० व्या अध्यायातलं बालकांना माझ्याकडे येऊ द्या ते सगळ्यांना माहीत असतं. मला स्वतःला योहानचा ११ वा अध्याय जास्त बरा वाटतो कारण त्यात मित्र लाजर गेल्यावर येशू रडतो, उठवायची ताकद असून आधी रडतो. प्रकटीकरणाच्या २१ व्या अध्यायातलं डोळ्यांतली आसवं पुसणारं वाचन पण चालतं. गाणं संडे स्कूलमधलं तिच्या आवडीचं घ्या, फक्त ते पुढं होऊन म्हणायला घरातलं कुणी ठेवू नका, दुसऱ्या ओळीला आवाज जातो आणि पेटीवाला एकटाच वाजवत राहतो.

लोक म्हणतात ती आता एंजल झाली. शिकवणीप्रमाणे माणूस देवदूत होत नाही, संतांत जातो, पण दुःखात असलेल्या आजीला हे समजावायला जाऊ नका हं. माहिती असावी म्हणून सांगितलं. तिच्यासाठी प्रार्थना करायची त्यापेक्षा तिला सांगायचं, आमच्यासाठी प्रार्थना कर, असं आमच्या घरात रात्रीच्या जपमाळेनंतर म्हणतात, तिचं नाव घेऊन.

वर्षातले दिवस

सगळे दिवस पाळायला गेलात तर दमाल. दोन धरा, बाकीचे सोडून द्या. आम्ही वाढदिवस आणि २ नोव्हेंबर धरलाय. गेली ती तारीख मुद्दाम धरली नाही, त्या दिवशी दादा-वहिनी दोघंच सकाळी कबरीवर जाऊन येतात आणि बाकीच्यांनी फक्त संध्याकाळी एक फोन करायचा असं ठरलंय. वाढदिवसाला केक नाही, मिस्सा आणि मग गल्लीतल्या पोरांना भडंग, कारण तिला भडंगातले शेंगदाणे वेचून खायची सवय होती. पोरं मोठी झाली तरी येतात, कशाचं आहे ते नव्या पोरांना माहीत नसतं, चालतं.

२ नोव्हेंबरसाठी आठवडाभर आधी कबरस्तानात जाऊन साफसफाई. पावसाळ्यानंतर गाजरगवत कमरेएवढं असतं, हातमोजे घाला आणि तोंडाला रुमाल बांधा, दम्याच्या माणसाला नेऊ नका. चुना, झाडू, पाण्याचा कॅन बरोबर न्या, तिथं नळ असेल असं धरू नका. त्या दिवशी फादर कबरींवर पवित्र पाणी शिंपडतात, आपली कबर कडेला असेल तर आधी सांगून ठेवा, नाहीतर मधल्या रांगा झाल्या की निघतात. १ ते ८ नोव्हेंबरमध्ये कबरस्तानात जाऊन मृतांसाठी प्रार्थना केली की त्यांच्यासाठी पूर्ण दंडमुक्ती मिळते, म्हणजे माफ झालेल्या पापांची उरलेली शिक्षा सुटते, अर्थात कन्फेशन, कम्युनियन आणि पोपसाहेबांच्या हेतूंसाठी प्रार्थना त्याबरोबर लागते. लेकराला त्याची गरज नाही. ती आजी-आजोबांसाठी मागा. आमची आई म्हणते पोरीमुळं म्हाताऱ्यांचं काम होतं.

दोनच धरले तरी काही दिवस आपणहून येतात आणि ते जड जातात. १५ जूनच्या आसपास शाळा उघडते तो दिवस सगळ्यात वाईट, रस्त्यावर नवी दप्तरं दिसतात. त्याच सुमाराला १३ जूनला संत अंतोनीचा सण असतो आणि संत अंतोनीची भाकरी ही जुनी प्रथा लहान मुलाशीच जोडलेली आहे. पादुआ गावची गोष्ट सांगतात, एका आईचं लहान मूल पाण्यात बुडालं, तिनं मुलाच्या वजनाइतकं धान्य गरिबांना द्यायचा नवस केला आणि मूल उठलं. आपलं मूल उठलेलं नसतं, त्यामुळे ही गोष्ट ऐकवायची का ते आईची तब्येत बघून ठरवा. पण वजनाइतकं धान्य देणं मला आवडतं. शेवटचं वजन अंगणवाडीच्या नाहीतर दवाखान्याच्या कार्डावर लिहिलेलं असतं, तेवढी शाळू ज्वारी किंवा तांदूळ दरवर्षी एखाद्या गरजू घरी. चौदा-पंधरा किलोचा मामला, कुणालाही परवडतो. ज्वारी नको तर वह्या द्या.

नाताळात गोठा करताना तिनं बनवलेली किंवा तिच्या आवडीची एक वस्तू ठेवा, आमच्याकडे एक प्लास्टिकचा हत्ती असतो मेंढरांच्या मागं. २८ डिसेंबरला, येशूच्या जन्मावेळी हेरोद राजानं मारलेल्या बालकांचा सण येतो, त्या दिवशी मिस्सेला जाता आलं तर बघा, पण काही आयांना ते वाचन झेपत नाही, ओढून नेऊ नका.

ज्यांना आधाराला संत लागतात त्यांना मी झेली आणि लुई मार्टिन सांगते, लिझ्युच्या संत तेरेजाचे आईवडील. त्यांची चार मुलं लहानपणीच गेली, त्यातली एलेन पाच वर्षांची होती. लोक झेलीला म्हणायचे की त्यापेक्षा झालीच नसती तर बरं, आणि तिनं पत्रात लिहून ठेवलंय की मला असलं बोलणं सहन होत नाही. दोघांना २०१५ मध्ये एकत्र संतपद मिळालं, सण १२ जुलैला. फातिमाचे फ्रान्सिस्को आणि जासिंता भावंडं, दहा आणि नऊ वर्षांची गेली, २०१७ मध्ये संत झाली, त्यांचा २० फेब्रुवारी. घरातल्या भावंडांना ही दोघं जास्त जवळची वाटतात.

भावंडांचं काय

मागं राहिलेल्या मुलांना देवाला आवडली म्हणून देवानं नेली असं सांगू नका. पोरगं विचार करतं, मग मी चांगला वागलो तर मला पण नेणार. झोपलीय असंही नको, रात्री झोपायला घाबरतात. सरळ सांगा, तिचं शरीर खूप आजारी होतं, डॉक्टरांनी प्रयत्न केले, शरीराचं काम थांबलं, ती आता देवाजवळ आहे आणि परत येणार नाही. पाचच्या आतल्या पोरांना परत येणार नाही हे कळतच नाही, ती दर चार दिवसांनी विचारणार कधी येणार, दर वेळी तेच उत्तर शांतपणे द्यायचं. माझा भाचा तेव्हा लहान होता, तो कबरीवर जाऊन तिला शाळेतलं सगळं सांगायचा आणि मग लगेच शेळीमागं पळायचा. पळू द्या. मेणबत्ती लावायचं काम त्यांना द्या. आणि प्रत्येक गोष्टीत ताई असती तर असं केलं असतं हे वाक्य घरातून बंद करा, जिवंत पोराला त्याच्याशी स्पर्धा जमत नाही.

लोकांचं बोलणं. अजून वय आहे, दुसरं होईल, हे पहिल्या आठवड्यातच कुणीतरी म्हणतंच. आईनं उत्तर द्यायची गरज नाही, शेजारी बसलेल्या नणंदेनं नाहीतर बहिणीनं विषय बदलायचा, ते आपलं काम. तुम्हाला काय बोलावं सुचत नसेल तर तिची एखादी आठवण सांगा, मला ती अमुक म्हणाली होती, असं. बापाला कुणी काही विचारत नाही, त्याला फक्त वहिनीकडे लक्ष दे म्हणतात, त्यालाही चहाला घेऊन जा. आणि किती मुलं तुम्हाला हा प्रश्न पुढं आयुष्यभर येणार, लग्नात, रेल्वेत, नवीन शेजारी. दोघांनी बसून एक उत्तर ठरवून ठेवा. वहिनी म्हणते दोन, एक देवाजवळ आहे. अनोळखी माणसाला दादा नुसतं एक म्हणतो. दोघांचंही ठीक आहे, फक्त एकमेकांसमोर चुकीचं धरायचं नाही.

प्रॉटेस्टंट नातेवाईक असतील तर. आमच्याकडे असतातच, मिरजेत १८९४ ला वॉनलेस डॉक्टरांनी मिशन हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून तिकडची मंडळी या भागात आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. त्यांच्यात मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत, मारियेकडे मागत नाहीत, त्यामुळे घरी जपमाळ सुरू झाली की ती अवघडून बसतात. भांडण नको असेल तर घरच्या प्रार्थनेत स्तोत्र २३, हे आमच्या स्वर्गातील बापा, आणि बायबलातल्या दावीद राजाचं लेकरू गेलं तेव्हाचं त्याचं बोलणं, मी त्याच्याकडे जाईन पण ते माझ्याकडे परत येणार नाही, हे घ्या, यात सगळे सामील होतात. जपमाळ त्यांना चहा देऊन निरोप दिल्यावर.

बाप्तिस्मा झालाच नसेल तर, म्हणजे बाळ जन्मताच गेलं, पोटात गेलं, किंवा काचेच्या पेटीतच गेलं. चर्च अशा बाळांना देवाच्या दयेवर सोपवतं आणि २००७ मध्ये यावर रोममधल्या धर्मपंडितांच्या आयोगाचं सविस्तर लिखाण आलंय की त्यांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत. आईबापाचा बाप्तिस्मा द्यायचा विचार होता हे सांगितलं तर बिशपांच्या परवानगीनं चर्चमधला अंत्यविधीही होतो. नाव ठेवा. नाव असलं की मिस्सा मागता येते. आणि आयसीयूत जीव धोक्यात असताना नर्सनं किंवा आजीनं पाणी ओतून पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावानं बाप्तिस्मा दिला असेल तर तो खराच बाप्तिस्मा, पॅरिशमध्ये जाऊन नोंद करून घ्या.

आई महिनोन्‌महिने जेवत-झोपत नसेल, किंवा मला पण तिच्याकडे जायचंय असं म्हणायला लागली तर ते दुःखात म्हणतेय म्हणून सोडून देऊ नका. तिला एकटं ठेवू नका, डॉक्टरकडे न्या. सरकारचा टेली-मानस नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात. जपमाळ आणि गोळी दोन्ही चालतं, कुठल्याही फादरांना विचारा.

बदली झाली तर

हे शेवटी लिहितेय पण आमच्या लोकांत हेच सगळ्यात जास्त होतं. बँकेतली, रेल्वेतली, शाळेतली नोकरी, पाच-सात वर्षांत बदली, आणि कबर सांगलीत राहते. आई निघायला तयार होत नाही. तिला समजावत बसण्यापेक्षा इथला एक माणूस नेमा, आपल्यातलाच, जो खरंच जाईल असा. त्यानं महिन्यातून एकदा जाऊन व्हॉट्सअपवर फोटो टाकायचा, सदाफुली दिसेल असा, लांबलचक मेसेज नको. कबरस्तानात काम करणाऱ्याला वर्षाचे पैसे एकदम न देता सहा महिन्यांचे द्या. कबरीची जागा कुठल्या रांगेत, कशाशेजारी, याचा एक साधा नकाशा काढून ठेवा, पुरानंतर किंवा नवीन बांधकाम झाल्यावर ओळखू येत नाही. नवीन गावात गेल्यावर पहिल्याच आठवड्यात तिथल्या पॅरिश ऑफिसात वाढदिवसाची मिस्सा लिहून टाका, आणि २ नोव्हेंबरला तिथल्या कबरस्तानात जाऊन एखाद्या बेवारस कबरीवर मेणबत्ती लावली तरी ती आपल्या लेकराच्या नावानंच असते. सांगलीतल्या माणसाला साफसफाईचे पैसे ऑक्टोबरच्या मध्यालाच पाठवा, नोव्हेंबर उजाडला की गाजरगवत काढायला माणूस मिळत नाही.